आमची चिऊ खात नाही, नक्की झालंय काय?

प्रश्न: आमची गिनीपिग चिऊ ३ वर्षांची आहे, चार दिवस झाले कोपऱ्यात अंग फुगवून बसते, पालक तोंडात धरते आणि सोडून देते, लेंड्या बारीक झाल्यात. डॉक्टर म्हणाले नक्की कळत नाही. घरात अमॉक्सिसिलिन (अँटिबायोटिक) आहे, थोडं देऊ का? (एक वाचक, पुणे)

उत्तर: ताई, ते औषध अजिबात देऊ नका! तोंडावाटे दिलेल्या अमॉक्सिसिलिनने गिनीपिगच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि जीवही जाऊ शकतो. आजाराचं नाव नंतर कळेल, आधी पोट चालू राहायला हवं, कारण यांनी १२ तास जरी खाल्लं नाही तरी आतडी मंदावतात, म्हणून आजच एक्झॉटिक (म्हणजे कुत्रा-मांजर सोडून इतर पाळीव) प्राणी बघणाऱ्या डॉक्टरांना गाठा. पोट टम्म फुगलेलं नसेल तर त्यांना फोनवर विचारून तिच्या खाण्याच्या पेलेट (सुक्या गोळ्या) कोमट पाण्यात भिजवून, पातळ करून, सुईशिवायच्या सिरिंजने ओठाच्या बाजूने थेंबथेंब भरवा, ती चघळून गिळते ना बघा, घाई केली तर ठसका लागतो.

पालक तोंडात धरून सोडते हे वाचून मला दाढांचीच शंका येते, त्या आयुष्यभर वाढतात आणि टोकं जिभेला टोचतात, नुसतं पुढून बघून कळत नाही, तेव्हा दाढा तपासा असं स्पष्ट सांगा. व्हिटॅमिन सीसुद्धा विचारा, माणसासारखंच यांच्या शरीरात ते तयार होत नाही, कमी पडलं की सांधे दुखतात. रोज वजनाच्या किलोमागे १० ते ३० मिलिग्रॅम लागतं, बरी झाली की ढोबळी मिरची द्या. आणि किचनच्या काट्यावर रोज सकाळी वजन करून लिहून ठेवा, डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.