मधुमेह असताना ग्लुकोज कशासाठी?

प्रश्न : माझ्या यजमानांना मोठा हार्ट अटॅक येऊन गेला आहे. इकोवर पंपिंग ३० टक्के आहे आणि हृदयाची पुढची भिंत हलत नाही, असं लिहिलंय. तिन्ही रक्तवाहिन्यांत ब्लॉकेज आहेत. बायपास करायची की नाही हे ठरवण्याआधी एफडीजी पेट स्कॅन सांगितलाय. त्यांना मधुमेह आहे, तरी स्कॅनआधी ग्लुकोज देणार म्हणतात. हे सुरक्षित आहे का? आणि जी भिंत हलतच नाही, तिच्यात जिवंत काय शोधायचं?

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचं त्यावरच उभं आहे. न हलणारा स्नायू मेलेलाच असतो असं नाही. रक्तपुरवठा बरेच दिवस कमी पडला की स्नायू काम थांबवतो आणि मिळेल तेवढ्यावर तग धरतो. इकोला फक्त हालचाल दिसते, तग धरलेला दिसत नाही.

म्हणून स्कॅनमध्ये दोन चित्रं घेतात. पहिलं रक्तपुरवठ्याचं, दुसरं साखर खेचून घेण्याचं; त्यासाठी किरणोत्सर्गी खूण लावलेली साखर, म्हणजेच एफडीजी, शिरेतून देतात. निरोगी हृदय उपाशीपोटी मुख्यतः चरबीवर चालतं, पण चरबी जाळायला प्राणवायू जास्त लागतो. उपासमार झालेला स्नायू त्यामुळे साखरेकडे वळतो. स्क्रीनवर आम्ही दोन्ही चित्रांचे काप एकाखाली एक लावतो. वरच्या ओळीत पुढची भिंत काळी आणि खालच्या ओळीत तीच भिंत उजळ दिसली, तर रक्त कमी पण जीव शाबूत. दोन्हीकडे काळी, तर तिथे व्रण झालाय, म्हणजे स्नायू मेलाय. बऱ्याचदा एकाच भिंतीत दोन्ही सापडतं. टोकाला व्रण आणि कडेला जिवंत पट्टा.

आता ग्लुकोज. जिवंत असेल त्या सगळ्या स्नायूने साखर घ्यावी, म्हणून ग्लुकोज देऊन इन्सुलिनची पातळी वर आणतात. मधुमेहात शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, मग हृदय साखर घेत नाही आणि चित्र पुसट येतं. म्हणून रक्तातली साखर पुन्हा पुन्हा तपासत शिरेतून थोडं थोडं इन्सुलिन देतात. काही ठिकाणी ग्लुकोज आणि इन्सुलिन दोन्ही एकदम सलाइनमधून चालू ठेवतात. देखरेखीखाली हे सुरक्षित आहे. सांभाळायचं ते नंतर साखर एकदम उतरू नये एवढं, त्यामुळे तपासणी झाल्यावर त्यांना लगेच निघू देऊ नका. त्या दिवशी गोळ्या आणि इन्सुलिन कसं घ्यायचं, हे स्कॅन सेंटरकडून लिहून घ्या. आपल्या मनाने बंद करू नका. आणि चित्र पुसटच आलं, तर तो रिपोर्ट 'स्नायू मृत' म्हणून कुणी वाचू नये. स्कॅन पुन्हा करावा. याबाबत मी फार आग्रही आहे.

मात्र स्नायू जिवंत निघाला म्हणजे ऑपरेशन ठरलंच, असं धरून चालू नका. पंपिंग ३५ टक्के किंवा त्याहून कमी असलेल्या रुग्णांवरच्या 'स्टिच' अभ्यासात दहा वर्षांनंतर बायपास आणि औषधं घेतलेल्या गटात ५८.९ टक्के मृत्यू झाले, नुसत्या औषधांच्या गटात ६६.१ टक्के. म्हणजे बायपासचा फायदा दिसला. पण त्याच अभ्यासात २०११ साली असंही आढळलं, की हा फायदा कुणाला होईल हे जिवंत स्नायूच्या तपासणीवरून ओळखता आलं नाही. तिथे पेट वापरलेला नव्हता हे खरं, तरी तो निकाल बाजूला सारता येत नाही. २०२२च्या 'रिव्हाइव्हड' अभ्यासात तर अशा रुग्णांमध्ये जिवंत स्नायू पाहून स्टेंट घातले, तरी मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी भरती होणं कमी झालं नाही.

त्यामुळे सर्जनना नुसतं 'जिवंत आहे का' एवढंच विचारू नका. किती भाग जिवंत आहे, त्या भागाकडे जाणारी रक्तवाहिनी ब्लॉकेजच्या पुढे ग्राफ्ट (बायपासची नवी रक्तवाहिनी) जोडण्याइतकी चांगली आहे का, यजमानांची किडनी ऑपरेशन सोसेल का, हे विचारा. स्कॅनला जाताना अँजिओग्राफीची सीडी आणि इकोचा रिपोर्ट बरोबर न्या. कुठली भिंत कुठल्या रक्तवाहिनीवर अवलंबून आहे, हे जुळवून पाहिल्याशिवाय आमचा रिपोर्ट अर्धाच राहतो.