भरतीच्या तयारीला लागलेल्या पोरा, थोडं ऐक

धावण्याची एवढी धास्ती घेऊ नकोस. सैन्याच्या अग्निवीर भरतीत १.६ किमी साडेपाच मिनिटांत मारलेस की पूर्ण ६० गुण, दहा पुल-अप्सना ४०. सरावानं जमतं ते. पण आता लेखी परीक्षा आधी असते, तेव्हा गणित बाजूला टाकून नुसतं मैदान तुडवू नकोस.

खरी भीती ट्रेनिंगची ना? मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावचं ट्रेनिंग सेंटर असो नाहीतर दुसरं कुठलं, उस्ताद (ट्रेनिंग देणारे) ओरडणारच. मनाला लावून घ्यायचं नाही. रगडा, म्हणजे शिक्षेची कसरत, सगळ्यांनाच, तोंड वाजवणाऱ्याला जरा जास्त! सुरुवातीला अंगदुखीपेक्षा अपुरी झोप आणि घरची आठवण जास्त छळते. नडगी सारखी दुखायला लागली तर मात्र मर्दुमकी दाखवू नकोस, सरळ उस्तादांना सांगून डॉक्टर गाठ. हाडाला बारीक चीर गेली तर तुझी बॅच पुढे जाईल आणि तू मागे राहशील. आत्तापासूनच डांबरी रस्ता सोडून मातीवर पळ. हिंदी बोलायचीही सवय लाव, तिथं सगळं हिंदीतच चालतं.

आणि घरी आई-वडिलांना स्पष्ट सांग: नोकरी चार वर्षांची, सध्याच्या नियमानं कायम होणार फार तर २५ टक्के.