मांडवीतला ठिपका

प्रश्न : मुलगी पणजीहून कामावरून उशिरा येते. रायबंदरची फेरीबोट चुकली की माझा जीव टांगणीला. लाइव्ह लोकेशन मागितलं तर म्हणते, "आई, पाळत ठेवतेस?"
– एक वाचक, चोडण

उत्तर : ताई, व्हॉट्सअ‍ॅपवर 15 मिनिटं, 1 तास, 8 तास असे पर्याय असतात. तासाभराचंच मागा. वेळ सरली की ते आपोआप बंद होतं, तिला मधेच बंदही करता येतं. हे आधी सांगा. आमचे हे म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला गेले की नकाशावरचा त्यांचा ठिपका मासळीपाशी थबकतो आणि मी नारळ खवायला घेते. (सुंगटं, म्हणजे कोळंबी, की बांगडे, ते मात्र ठिपका सांगत नाही!) तुम्हीही तिचा ठिपका मांडवी नदीत आला की हुमण, आपली माशांची आमटी, गरम करायला ठेवा. पाळतीची तक्रार मग ती जेवताना करेल.