वाचकांचे प्रश्न : दुष्काळात इंग्रज सरकारने खरंच मदत केली होती का?

प्रश्न : आमच्याकडे इंदापूर भागात म्हातारी माणसं सांगतात की नीरेचा डावा कालवा इंग्रजांनी दुष्काळात लोकांना काम द्यायला खणला. मग सरकारने लोकांना उपाशी मारलं असं जे वाचतो ते खोटं का? प्लीज सविस्तर सांगा.

उत्तर : तुमच्या भागातली माणसं सांगतात ते बरोबर आहे. 1876 ला पाऊस गेला, सोलापूर, पुणे, सातारा, नगर, विजापूर सगळीकडे पिकं करपली, तेव्हा नीरेच्या कालव्याचं काम दुष्काळी काम म्हणून निघालं आणि दौंड-मनमाड रेल्वेचा भरावही दुष्काळी मजुरांनीच टाकला. पण काम काढलं म्हणजे पोट भरलं असं नाही, आणि खरी गोष्ट तिथेच आहे.

1877 च्या सुरुवातीला व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने सर रिचर्ड टेंपल या बड्या अधिकाऱ्याला मद्रास आणि मुंबई इलाख्यात पाठवलं, खर्च आटोक्यात आणायला. याच टेंपलने 1874 ला बिहारच्या दुष्काळात ब्रह्मदेशातून तांदूळ आणून लोक जगवले होते, आणि एवढा पैसा उधळला म्हणून त्याच्यावर टीकेची झोड उठली होती. यावेळी त्याने उलटं टोक गाठलं. मोठ्या माणसाला दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे साधारण 450 ग्रॅम, आणि वर मीठमिरचीपुरते थोडे पैसे. एवढ्यावर दिवसभर खडी फोडायची नाहीतर मातीच्या पाट्या वाहायच्या. घरी बसून आपण किती खातो ते बघा आणि मग विचार करा. मद्रासचे सरकारी आरोग्य अधिकारी डॉक्टर कॉर्निश हे यावर जाहीरपणे भांडले, एवढ्यावर कष्टकरी माणूस जगत नाही म्हणून, आणि तिथे नंतर मजुरी वाढवावीही लागली.

आपल्याकडे तर गावाजवळची छोटी कामं बंद करून लोकांना लांबच्या मोठ्या कामांवर जायला सांगितलं, कारण ज्याला खरंच गरज आहे तोच घर सोडून येईल असा हिशोब. म्हणजे भूक आहे हे आधी सिद्ध करा! मला यातली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट हीच वाटते. लोकांनी मात्र ऐकून घेतलं नाही, कामं सोडून चक्क संप केला, उपाशी माणसांनी. पुण्याची सार्वजनिक सभा ही संस्था, म्हणजे गणेश वासुदेव जोशी उर्फ सार्वजनिक काका आणि न्यायमूर्ती रानडे, त्यांच्या बाजूने उभी राहिली आणि सरकारकडे अर्जावर अर्ज गेले. महात्मा फुले आणि सत्यशोधक मंडळींनी धनकवडीला दुष्काळातल्या मुलांसाठी अन्नाची सोय केली ती पण 1877 चीच.

आणि धान्य नव्हतं असंही नाही हो, त्याच काळात हिंदुस्थानातून गहू बोटी भरून विलायतेला जात होता. व्यापारात सरकारने हात घालायचा नाही हे धोरण. त्या दोन-तीन वर्षांत देशभरात पन्नास लाखांवर माणसं गेली असा अंदाज आहे.

प्रश्न : मग दुष्काळाचा कायदा म्हणजे फॅमिन कोड कशासाठी आला?

उत्तर : या सगळ्यानंतर रिचर्ड स्ट्रेची यांचं कमिशन बसलं, 1880 ला रिपोर्ट आला आणि त्यातून फॅमिन कोड तयार झालं. दुष्काळ कधी मानायचा, कामं कधी काढायची, ज्यांना काम झेपत नाही त्यांना फुकट धान्य कसं द्यायचं, हे नियम आता कागदावर आले. 1896-97 ला परत दुष्काळ पडला तेव्हा टिळकांनी केसरीतून आणि सार्वजनिक सभेच्या माणसांनी गावोगाव फिरून शेतकऱ्याला हेच सांगितलं की हे नियम सरकारचेच आहेत, ते मागा, आणि शेतसाऱ्याला पैसा नसेल तर अधिकाऱ्यांच्या धाकाने घरातलं विकून भरू नका. यात बेकायदा काय होतं सांगा? तरी 1897 ला सरकारने सभेची मान्यता काढून घेतली, म्हणजे यापुढे सभेचे अर्ज सरकार घेणार नाही.