साखरेची गोळी बंद केली, तरी तक्रार तशीच

त्यांनी औषधांची कॅरीबॅग टेबलावर रिकामी केली. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या औषधाच्या पट्टीतल्या तीनच गोळ्या काढलेल्या होत्या. "ही मीच बंद केली. चार महिने झाले," ते मान खाली घालून म्हणाले. वय 47, मधुमेहाला सहा वर्षं झालेली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वर्षभर लिंगाची ताठरता टिकत नव्हती आणि मित्राने सांगितलं होतं, "साखरेच्या गोळ्यांनी पुरुषत्व जातं."

ही भीती घेऊन येणारे पुरुष खूप आहेत. आणि बहुतेकांनी आधी गोळी सोडलेली असते, मग ते विचारायला येतात. मेटफॉर्मिनने ताठरता जात नाही. ताठरता यायला लिंगाच्या रक्तवाहिन्या सैलावून त्यांत रक्त भरावं लागतं. त्यासाठीचा इशारा मज्जातंतू देतात आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून त्यांना सैल करणारं नायट्रिक ऑक्साइड सुटतं. वर्षानुवर्षं चढी राहिलेली साखर हे मज्जातंतू आणि अस्तर दोन्ही पोखरते. हे नुकसान हळूहळू होतं, म्हणून तक्रार गोळ्या सुरू झाल्यानंतर दिसते आणि आळ गोळीवर येतो. यांनी गोळी सोडल्यावर तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, 7.4 वरून 9.9 वर गेली होती. तक्रार मात्र तसूभर कमी झाली नव्हती.

सकाळी जाग येताना ताठरता असते का, हे विचारावंच लागतं. ती नीट असेल, त्रास अचानक सुरू झाला असेल, ठरावीक वेळीच होत असेल, तर ताणाकडे बघायचं. यांची सकाळचीही कमी झाली होती, हळूहळू.

मग दुसरी पट्टी हातात घेतली: रक्तदाबाची, ॲटेनोलॉल आणि क्लोरथॅलिडोन एकत्र असलेली. या दोन्ही औषधांनी काही पुरुषांत ताठरता कमी होऊ शकते. खरा संशय घ्यायचा तर हिचा. पण ॲटेनोलॉल स्वतःहून एकदम सोडणं धोक्याचं, नाडी आणि रक्तदाब उसळतात. त्यांच्या डॉक्टरांनी ती टप्प्याटप्प्याने कमी करून टेल्मिसार्टन हे रक्तदाबाचं दुसरं औषध सुरू केलं.

तिसरी पट्टी डापाग्लिफ्लोझिनची. हे औषध जादा साखर लघवीतून बाहेर टाकतं, त्यामुळे शिश्नाच्या टोकावरच्या कातडीखाली बुरशी वाढू शकते. खाज, लाली, बारीक चिरा. यांना तेच झालं होतं. त्यांना वाटलं गुप्तरोग, म्हणून त्यांनी बायकोजवळ जाणंच सोडलं. बुरशीविरोधी मलम, रोज साध्या पाण्याने धुणं आणि नीट कोरडं करणं एवढ्यावर दोन आठवड्यांत बरं झालं. तळपायाला मुंग्या येत होत्या, म्हणून बी12 जीवनसत्त्व तपासायला सांगितलं. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतल्यावर ते कमी होऊ शकतं. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरकही तपासायला सांगितलं. ते सकाळी, उपाशीपोटीच तपासायचं.

चौथी पट्टी त्यांनी शेवटपर्यंत लपवून ठेवली होती. मेडिकलमधून विचारून आणलेली ताठरतेची गोळी, सिल्डेनाफिल. "मटणाचं जेवण झाल्यावर घेतली, पंधरा मिनिटं थांबलो, काही झालं नाही." होणारच नव्हतं. जड, तेलकट जेवणावर ती उशिरा आणि कमी लागू पडते. हलक्या पोटी, साधारण तासभर आधी घ्यायची, आणि उत्तेजना नसेल तर ती काहीच करत नाही. पहिल्या एकदोन वेळांवरून ती निरुपयोगी ठरवायची नाही. मात्र छातीत दुखण्यासाठी सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटची गोळी चालू असेल, तर ही कधीच नाही, रक्तदाब जिवावर बेतेल इतका उतरतो. प्रोस्टेटची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं. शिवाय लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक, त्या आधी अरुंद होतात. म्हणून ही तक्रार कधी कधी छातीत दुखण्याच्या काही वर्षं आधीच येते. त्यामुळे त्यांची हृदयतपासणी आधी झाली, मगच डॉक्टरांनी डोस ठरवून दिला.

तीन महिन्यांनी ते पत्नीला घेऊन आले. एचबीएवनसी 7.6 झालं होतं. पत्नीला इतके दिवस वाटत होतं, यांचं आपल्यावरून मन उडालं. तिने सिल्डेनाफिलबद्दल विचारलं, "या गोळीची सवय लागते का?" सवय लागत नाही. मज्जातंतूंचं नुकसान किती झालंय, त्यावर ती किती दिवस लागेल ते अवलंबून आहे. साखर आवरली तर गरज कमी होऊ शकते, पण तसं वचन देता येत नाही, हेही त्यांना सांगितलं.