पीएसए दुप्पट झाला, म्हणजे कॅन्सर परतला का?

"मॅडम, आकडा दुप्पट झाला. आता काय राहिलं?" बसायच्या आधीच निफाडच्या काकांनी रिपोर्ट माझ्यापुढे ठेवला. नाशिकमध्ये प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी रेडिएशन घेऊन त्यांना सोळा महिने झाले होते. हार्मोनचं इंजेक्शन घेतलेलं नव्हतं. पीएसए, म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीत बनणारं, रक्तात मोजलं जाणारं प्रथिन, ०.६ पर्यंत उतरला होता, आता १.३. हाच आजार झालेल्या मेहुण्यांचा मात्र ०.१ पेक्षा कमी. द्राक्षांची गोडी छाटणी तोंडावर आलेली, तरी काका बागेत पाऊल टाकत नव्हते, असं काकूंनी सांगितलं.

मी विचारलं, "मेहुण्यांचं ऑपरेशन झालंय ना?" तिथेच सगळी गोम होती.

ऑपरेशनमध्ये ग्रंथीच काढतात. त्यामुळे पीएसए साधारण सहा ते आठ आठवड्यांत जवळजवळ शून्यावर यायला हवा. पुढे तो ०.२ किंवा जास्त आला आणि पुन्हा तपासूनही तसाच राहिला, तर आजार परतल्याची शंका घेतात. रेडिएशननंतर ग्रंथी शरीरातच असते, थोडा पीएसए बनवत राहते. आकडा सावकाश उतरतो, कधी दोन वर्षंही घेतो. मधेच थोडा चढून आपोआप खालीही येतो. डॉक्टर त्याला 'बाउन्स' म्हणतात. इथे सर्वांत खालच्या आकड्यात २ मिळवून हिशेब धरतात. काकांसाठी तो २.६. तिथे पोहोचला तर पुढच्या तपासण्या.

रिपोर्टवर छापलेलं '० ते ४ नॉर्मल' उपचार झालेल्यांसाठी नसतंच. मला काळजी वाटते ती ऑपरेशननंतर १.५ आला तरी 'नॉर्मल आहे' म्हणून घरी बसणाऱ्यांची.

"काका, फवारणीची वही ठेवता ना? तशीच याची ठेवा." काकूंनी पिशवीतून जुने रिपोर्ट काढले आणि आम्ही तारखेवार आकडे लिहिले. तपासणी एकाच लॅबमध्ये करा, असंही सांगितलं, कारण लॅब बदलली की आकड्यात थोडा फरक पडू शकतो.

निर्णय अर्थात त्यांच्या डॉक्टरांचा. त्यांनी वही पाहिली, तीन महिन्यांनी पुन्हा तपासू म्हणाले. हाडं दुखू लागली किंवा लघवीतून रक्त आलं तर थांबू नका, हेही बजावलं.

ते तीन महिने काकांना जड गेले. दोनदा फोन आला, दोन्ही वेळा रात्री. तिसरा सकाळी आला, बागेतून. "०.९ आलाय. काकूनं वहीत लिहिला."