मोदक कचऱ्यात, पावती फायलीत

पत्र लांब आहे, थोडक्यात देते. लिहिणारी 33 वर्षांची, नागपुरात मनीष नगरच्या एका सोसायटीत सासू-नवरा-मुलगा असं घर, हिंगण्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत अकाउंट्सला. घराणं तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. ती म्हणते, "मावशी, जय ख्रिस्त. दीड वर्षापासून मी एका प्रेयर ग्रुपला जाते, तिथं शिकवतात की विश्वासणाऱ्याने जगापासून वेगळं दिसलं पाहिजे. मला पटतं. पण तान्ह्या पोळ्याला मी मुलाला लाकडी बैल घेऊन खाली जाऊ दिलं नाही, तो दाराआड बसून रडला. मग गणपतीत समोरच्या काकूंनी डबाभर मोदक दिले, मी हसून घेतले आणि दार लावून ओल्या कचऱ्याच्या बादलीत टाकले. सकाळी कचरेवाल्याला बादली देताना काकू दारातच उभ्या होत्या, वरच मोदक. तेव्हापासून त्या बोलत नाहीत, त्यांचा डबा अजून माझ्याकडेच आहे. नवरा म्हणतो तू जास्त करून राहिलीस, सगळे जसं राहतात तसं राहा. आता त्याचं म्हणशील तर तो एचआरएच्या, म्हणजे कर वाचवायला ऑफिसात द्यायच्या घरभाड्याच्या, पावत्यांनाही तसंच म्हणतो, सगळेच देतात. मी विश्वासाला धरून राहिले तर माणसं तुटतात, माणसं धरली तर विश्वास जातो. काय करू?"

पोरी, जय ख्रिस्त.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. चार पानं आहेत, त्यातली साडेतीन पोळा, मोदक नि काकू, आणि पावत्यांची एक ओळ, तीही नवऱ्याच्या तोंडी घालून, जाता जाता. मी 31 वर्षं शाळेत वह्या तपासल्या आहेत, पोट्टे जे बारीक अक्षरात लिहितात तिथंच खरी गडबड असते. तिथं मी येणारच आहे. पण आधी मोदक, कारण तुझं रडू त्याच्यावर आहे.

प्रसाद खावा की न खावा यावर आपल्यातच एकमत नाहीये, कधीच नव्हतं. सदर-खलाशी लाईनकडे मी वाढले, तिथं एका घरात बिनधास्त खायचे आणि शेजारच्या घरात हातही लावायचे नाहीत, आणि रविवारी दोन्ही घरं एकाच बाकावर. बायबलमधल्या पौलाचंच बघ ना. करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो मूर्ती म्हणजे काही नाहीच, पुढे म्हणतो कोणी जेवायला बोलावलं तर जा, समोर येईल ते खा, खोदून विचारत बसू नका, आणि लगेच म्हणतो की समोरच्याने सांगितलं हे नैवेद्याचं आहे, तर खाऊ नका. रोमकरांच्या पत्रात तर अजून एक, की मनात शंका ठेवून जो खातो तो चुकतो. म्हणजे तुझं मन नाही म्हणतंय तर नको खाऊ. मी तुला खा म्हणणार नाही.

पण तू नाही कुठं म्हणालीस? तू तर हसून घेतलेस!

काकूंना दुःख तू मोदक खाल्ला नाहीस याचं नाहीये, मी पैजेवर सांगते. त्या बाईने पहाटे उठून उकड काढली, एकेक कळी पाडली, सारण केलं, डब्यात केळीच्या पानाचा तुकडा घालून तुझ्या दारात आणून दिलं, आणि ते तिला भाजीच्या देठांवर दिसलं. यात ख्रिस्ती-हिंदू काही नाही, अन्न आहे ते. आणि तू जे हसलीस ना दारात, ते खोटं होतं. बाकीचं सोड, ते हसणं मला खुपलं.

आमच्या आईचं सांगते. समोर एक वहिनी होत्या, कडक शाकाहारी, अंडंही नाही. पहिल्या नाताळात आईने कौतुकाने केक नेला तर वहिनी दारातच म्हणाल्या, "अंडं असेल ना हो यात? मग आमच्याकडे चालत नाही." सरळ, तोंडावर. आई जरा हिरमुसली, पण पुढच्या वर्षी तिने एक नवं स्टीलचं भांडं आणलं, त्यात बिनअंड्याचा केक केला, तो नीट फुगला नाही, विटेसारखा झाला, तरी वहिनींनी खाल्ला. मग गणपतीत आईने सांगितलं, "वहिनी, आमच्याकडे प्रसाद घेत नाहीत", तर त्या दिवसापासून आमच्याकडे मोदकाऐवजी चिवडा यायचा, जास्तीचे शेंगदाणे घालून कारण बाबांना आवडायचे. वीस-बावीस वर्षं हे चाललं. दोघींनी एकमेकींना नाही म्हटलं होतं म्हणूनच चाललं असं मला वाटतं.

आणि बाप्पा, तू राहतेस कुठं? नागपुरात! इथं वेगळं राहणं काय नवीन आहे? 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी दीक्षाभूमीवर लाखो लोकांना बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यात गौरी-गणपतीची पूजा करणार नाही हे स्वच्छ आहे. तुझ्या ऑफिसातच दोन-चार जण असतील, आरतीच्या वेळी शांतपणे आपल्या टेबलावर बसणारे, आणि दुपारी सगळ्यांबरोबर डबा खाणारे. इतवारीत जैन माणूस कांदा-लसूण नको म्हणतो तेव्हा कोणी रुसतं का? "नको, आमच्यात चालत नाही" हे वाक्य या शहरात रोज शंभर ठिकाणी बोललं जातं, मग तुलाच काहून ते जमू नये?

तान्ह्या पोळ्याचं मात्र मी तुझ्या विरुद्ध आहे. भोसल्यांच्या काळापासून या गावातली लेकरं लाकडी बैल ओढत दारोदार जातात नि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, गोळा करतात, तो त्यांचा हक्क आहे. पूजा होते, हो, मला माहीत आहे. तर पूजेला तो बाजूला उभा राहील, एवढं सात वर्षाच्या मुलाला समजावता येतं, आपल्या आईबापांनी आपल्याला समजावलंच होतं की. बैलाच्या चाकाला खोबरेल तेल लाव, शिंगांना बेगड चिकटवून दे आणि जाऊ दे खाली. दाराआड बसून तो देवाबद्दल काय शिकला असेल याचा जरा विचार कर. तुझ्या ग्रुपमधल्या ताईंना हे पटणार नाही, त्यांचं मत त्यांच्याजवळ, माझं माझ्याजवळ.

इथं मला लक्ष्मीबाई टिळक आठवतात. टिळक मंडळी नागपूरची पण ना, निदान काही वर्षांची. नारायण वामन टिळक इथून राजनांदगावला रेल्वेने निघाले तेव्हा डब्यात एका गोऱ्या माणसाने त्यांच्या हातात नवा करार दिला, आणि 1895 ला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या, काही वर्षं. नंतर जवळ आल्या तरी सोवळं सुटलं नव्हतं, स्वैपाक वेगळा, पाणी वेगळं. मग विचार करता करता त्यांच्याच मनाने घेतलं की ही शिवाशिव माणसांनी केलेली आहे, देवाने नाही, आणि 1900 मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. म्हणजे त्या बाईचं वेगळेपण आधी ताटात होतं, ते ताटातून बाहेर पडायला पाच वर्षं लागली. आणि तू सव्वाशे वर्षांनी ते उलटं पुन्हा ताटात नेऊन ठेवून राहिलीस. सोवळंच आहे हे पोरी, फक्त बायबलच्या कव्हरात.

आता पावत्या.

तू स्पष्ट लिहिलं नाहीस तरी मला कळतं, कारण घरोघरी हेच. फ्लॅट सासूबाईंच्या नावावर, तुम्ही तिथंच राहता, भाडं कोणी कोणाला देत नाही, पण फेब्रुवारी आला की कंपनी प्रूफ मागते आणि बारा पावत्या तयार होतात. महिन्याला 8,300, बरोबर? वर्षाचे 99,600, लाखाच्या आत, म्हणजे घरमालकाचा पॅन द्यावा लागत नाही. एकाच पेनाने एकाच दुपारी बारा महिन्यांच्या सह्या, पाचव्या पावतीपासून अक्षर तिरपं होत जातं. आणि सही कोणाची? तूच दुसऱ्या पानावर लिहिलंयस की सासूबाई चर्चच्या महिला मंडळाच्या सेक्रेटरी आहेत. हसू नको, मी पण हसले नाही. म्हणजे हसले, थोडं.

तर हे बघ. काकूंचा मोदक खाल्ला असतास तर कोणाचं काय गेलं असतं यावर पास्टर लोकही वाद घालतील. या पावतीवर वाद घालायला जागाच नाही, ती खोटी आहे, आणि तू अकाउंट्सला आहेस, दुसऱ्यांच्या पावत्या तूच फायलीत लावतेस. "ह्या युगाबरोबर समरूप होऊ नका" हे रोमकरांस 12:2 तुमच्या ग्रुपमध्ये दर आठवड्याला म्हणत असतील. युग म्हणजे काय मोदक आहे का ग? युग म्हणजे "सगळेच देतात". नवऱ्याने तुला दोन वेळा एकच वाक्य सांगितलं, पोळ्याला आणि पावतीला, तू पहिल्या वेळी त्याच्याशी भांडलीस आणि दुसऱ्या वेळी रेव्हेन्यू स्टॅम्प आणून दिलास.

मी काही धुतल्या तांदळासारखी नाहीये. नोकरीत असताना एका प्रशिक्षणाला मी दोन दिवस गेलेच नाही, घरी पाहुणे होते, आणि तिसऱ्या दिवशी तिन्ही रकान्यांत सही केली, सगळ्याच करत होत्या. रजिस्टर घेऊन शिपाई उभा होता, म्हातारा माणूस, तो काही रागावला वगैरे नाही, फक्त म्हणाला, "मॅडम, तुम्हीपण?" बस. तो ना कधी चर्चमध्ये आला ना त्याने बायबल उघडलं, पण माझ्याकडून त्याची काहीतरी वेगळी अपेक्षा होती हे मला त्या दिवशी कळलं. मी गळ्यात क्रॉस घालत होते, डबा वेगळा खात नव्हते, आणि तो माझी सही बघत होता.

काय करायचं ते सांगते. यंदाच्या पावत्या देऊ नको. कर जास्त कापला जाईल, जाऊ दे. खरंच भाडं दाखवायचं असेल तर खरंच द्या, दर महिन्याला बँकेतून सासूबाईंच्या खात्यात, आणि त्यांनी ते आपल्या उत्पन्नात दाखवायचं, ते कायद्यात बसतं, पण सीएला विचारून. मागच्या वर्षांचं म्हणशील तर अपडेटेड रिटर्न भरायची सोय आहे. बायबलमधला जक्कय आठव, तो तर जकातदारांचा मुख्य, त्याने लुबाडलेलं चौपट परत करतो म्हटलं होतं. आपलं सरकार त्या मानाने दयाळू आहे, पहिल्या बारा महिन्यांत भरलंस तर कर नि व्याजावर 25 टक्केच जास्त मागतं, पुढे उशीर करशील तसं वाढत जातं. पैशाची ओढाताण असेल तर एकेक वर्ष कर, पण सुरुवात कर.

घरात यावरून वाजेल हे मला माहीत आहे. सासूबाईंना तू "तुम्ही खोटी सही केली" असं म्हणशील तर पुढची दहा वर्षं गेली, म्हणून तसं म्हणू नको, "आई, मला झोप येत नाहीये, यंदा नको" एवढंच म्हण, ते खरंही आहे. नवरा हिशेब मांडेल, हजारांत मांडेल, तो बरोबरही असेल. त्याचं ऐकून घे आणि तरी नको म्हण. त्याला न सांगता परस्पर मात्र काही करू नको, एक लपवणं बंद करायला दुसरं सुरू होईल.

तू लिहिलंयस माणसं धरली तर विश्वास जातो. तुला कोण म्हणालं ग हे? नामानाची गोष्ट आहे ना, बायबलात राजांच्या दुसऱ्या पुस्तकात. कोड बरं झालेला तो सेनापती अलीशा संदेष्ट्याला म्हणतो, माझा राजा माझ्या हातावर टेकून रिम्मोनाच्या देवळात जातो तेव्हा मलाही वाकावं लागतं, तेवढं माफ असावं. अलीशाने प्रवचन दिलं नाही, "शांतीने जा" म्हणाला. आणि यिर्मया संदेष्ट्याने बाबेलला कैद करून नेलेल्या लोकांना लिहिलं की त्या शहराचं भलं बघा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. बाबेलसाठी! तुला तर मनीष नगरच्या सोसायटीसाठी करायची आहे, तिथं फक्त पार्किंगवरून भांडणं होतात. गणपतीच्या वर्गणीचं तू विचारलंयस ते तुझं तू ठरव, पूजेला नको वाटत असेल तर महाप्रसादाच्या दिवशी वाढायला उभी राहा, पाणी दे, ताटं उचल, नाहीतर मुलांच्या चित्रकला स्पर्धेची बक्षिसं आण. फुकटात कोणी रांगोळीपुरतं सुद्धा येत नाही हल्ली, तू आलीस तर वर्गणी कोण विचारतंय.

ग्रुप सोड असं मी म्हणत नाहीये, तिथं तुला प्रार्थनेची सवय लागली हे चांगलंच आहे. फक्त पुढच्या वेळी साक्ष द्यायला उभी राहशील तेव्हा मोदक टाकल्याची नको देऊ, पावत्यांची दे, आणि खोलीत किती जणी खाली बघतात ते मला कळव.

काकूंकडे आजच जा, संध्याकाळी दिवे लागायच्या आधी, त्या देवापाशी बसायच्या आत. कारणं सांगू नको, घाणीत पडले, मुलाने टाकले, असलं काही नको. "काकू, मी प्रसाद घेत नाही, ते तेव्हाच सांगायला पाहिजे होतं, मला तोंड नव्हतं, आणि अन्न टाकलं ते चुकलंच" एवढं उभ्या उभ्या बोल. त्या कदाचित दारातूनच बरं म्हणतील, आत ये म्हणणार नाहीत, तर तेही सोस.

डबा घेऊन जा आठवणीने. घासून, नि रिकामा नाही, हे काय तुला सांगायला पाहिजे.

तुझी,
मावशी